एका शेडखालचे तीन पगार: कुठला फरक रास्त, कुठला भेदभाव

बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या ऑपरेटरचा प्रश्न आहे. आयटीआय झालेला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं काम. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला याच्यापेक्षा महिन्याला चार हजार जास्त मिळतात. बायको दुसऱ्या कारखान्यात तपासणीला आहे, तिथं तेच काम करणारे पुरुष तिच्यापेक्षा जास्त घेऊन जातात. आणि पलीकडच्या फाउंड्रीत ओडिशाहून आलेली पोरं फेटलिंग करतात, म्हणजे ओतलेल्या भागांवरची वाळू आणि कंगोरे घासून काढतात, सगळ्यांत घाणीचं काम आणि सगळ्यांत कमी पैसा. तो विचारतो, हे बाजारावर ठरतं की माणूस बघून? आणि शेवटी हळूच एक ओळ: आम्ही मराठी आहोत म्हणून तर नाही ना?

मी या भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांची मस्टर, पगारपत्रकं, पीएफ आणि ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कामं बघतो. मालकाच्या बाजूनं बसलोय आणि कामगाराचा दावा लिहून द्यायलाही. त्यामुळं आधीच सांगतो, या तीन फरकांना एकच औषध लावू नका. पहिला फरक बहुतेक रास्त निघेल. दुसरा कायद्यानं चूक आहे. तिसरा सगळ्यांत मोठा, पण पगारपत्रकात तो सापडणार नाही, कारण तिथं सगळ्या फेटलिंगवाल्यांचा दर सारखाच लिहिलेला असतो. भेदभाव दराच्या रकान्यात क्वचित सापडतो. तो कामाच्या नावाच्या रकान्यात बसलेला असतो.

तुमच्या शेजारच्या मशीनपासून सुरू करू. बाहेरून बघणाऱ्याला दोघंही सारखेच दिसतात: जॉब (घडवायचा तुकडा) लावला, दार ओढलं, सायकल स्टार्ट दाबलं. पण टूल झिजलं की बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप सरकायला लागतं. तेव्हा ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, कोण देतो? नवा जॉब आला की ड्रॉइंग वाचून जॉ (जॉब पकडणारे जबडे) बदलणं, टूल लावणं, पहिला तुकडा पास करून घेणं कोण करतं? हे करणारा तो सेटर, मग त्याच्या कार्डावर काहीही लिहिलेलं असो. एक कास्टिंग (ओतीव भाग) बोअरिंगला बिघडलं की मोल्डिंगची, म्हणजे साचा करण्याची, मजुरी, भट्टीची वीज, सगळं भंगारात जातं. म्हणून ज्याचा हात बसलाय त्याला मालक धरून ठेवतो आणि त्याचे पैसे मोजतो. अर्थशास्त्रवाले याला मानवी भांडवल म्हणतात. गॅरी बेकर आणि जेकब मिन्सर यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत ते मांडलं: शिक्षण आणि कामावरचा अनुभव ही गुंतवणूक, वाढीव पगार हा तिचा परतावा. शेजारी सेटर असेल तर चार हजारांचं गाऱ्हाणं सोडा आणि त्याच्याकडून सेटिंग शिकून घ्या. तो सेटर नसेल, तुमच्याइतकंच काम करत असेल, तर मात्र पुढं वाचा.

कारखाना कुठला यानंही फरक पडतो. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे भाग बनतात, तिथं एक तुकडा वाया गेला तर नुकसान किती होईल याचा हिशेब करूनच पगार ठरतो. उद्यमबागेतल्या दोन मशीनच्या शेडमध्ये जॉबवर्क करणारा मालक स्वतःच पार्टीच्या बिलाची वाट बघत असतो. तोच माणूस, तोच हात, पण तिथं जास्त पिकतं आणि इथं कमी. यात भेदभाव नाही.

काही फरकांचा तर माणसाशी काडीचा संबंध नसतो, आणि आपल्या सीमेवर तो उघडा दिसतो. २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर कर्नाटकात दिवसाला ३७० रुपये, महाराष्ट्रात ३१२ आणि गोव्यात ३७८. म्हणजे बेळगाव तालुक्याच्या पश्चिम कडेवरच्या गावात चर खणणाऱ्याला एक भाव आणि पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या त्याच्या मेव्हण्याला त्याच चरासाठी ५८ रुपये कमी. फावडं तेच, माती तीच, भाषाही तीच. हा दर केंद्र सरकार राज्यवार जाहीर करत आलं आणि शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणं तो वाढवत आलं, त्यामुळं सुरुवातीला ज्या राज्याचा आकडा जिथं होता तिथून तो पुढं सरकत आला. आपण १९५६ पासून ज्या बाजूला जायचं म्हणून भांडतोय त्या बाजूचा रोज कमी आहे, ही गंमत आमच्याकडच्या सभांमध्ये सहसा कुणी सांगत नाही.

आता वहिनींच्या पगाराकडं येऊ. इथं मला जास्त बोलायचंय.

तपासणी विभागात काम काय असतं? कास्टिंग किंवा मशीन झालेला जॉब टेबलावर येतो. प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) घालून बघायचं, व्हर्नियरनं माप घ्यायचं, ब्लो होल (हवेनं पडलेला खड्डा) किंवा तडा दिसला तर खूण करून बाजूला काढायचं, रजिस्टरला नोंद करायची. एकाच टेबलावर बाई आणि पुरुष समोरासमोर बसून हे करतात. पण हजेरी रजिस्टर उघडलं की पुरुषापुढं लिहिलेलं असतं ‘इन्स्पेक्टर’ आणि बाईपुढं ‘हेल्पर’. किमान वेतनाच्या अधिसूचनेत अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल असे वर्ग असतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा. हेल्पर अकुशलमध्ये गेली. तिला अकुशलचा पूर्ण किमान दर मिळतो, पीएफ कापला जातो, ईएसआय भरला जातो. तपासणीला अधिकारी आला तरी कागद स्वच्छ. दरात एक पैशाची लबाडी नाही. जी लबाडी आहे ती एका शब्दात आहे, आणि तो शब्द ती रुजू झाली त्या दिवशी टाईम ऑफिसमध्ये कुणीतरी सवयीनं लिहून टाकलेला असतो.

कायद्याला हे माहीत आहे. समान वेतन कायदा १९७६ सालचा. आता तो वेतन संहिता २०१९ मध्ये गेलाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिथं कसोटी पदाच्या नावाची नाही. कामाला लागणारं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर ते काम समान. नावाची ढाल सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच मोडून काढली आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या त्या प्रकरणात स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचं म्हणणं, या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ आहेत, यांचं काम वेगळं. शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानं ठरलाय आणि कंपनीची ऐपतही नाही. न्यायालयानं यातलं काहीही मानलं नाही. काम एकच तर पगार एकच, आणि ऐपत नाही ही सबब समान वेतनाला चालत नाही.

मालक मंडळी माझ्यासमोर काय बोलतात तेही सांगतो, कारण सगळंच उडवून लावण्यासारखं नसतं. पहिलं म्हणणं, बाई सेकंड शिफ्टला थांबत नाही. बरोबर आहे. जो थांबतो त्याला शिफ्ट भत्ता द्या, जास्तीच्या तासांना दुप्पट दरानं ओव्हरटाईम द्या. त्यानं हातात येणारी रक्कम वेगळी होईल आणि ते रास्तच आहे. पण त्यासाठी मूळ पगार कमी ठेवायचं कारण नाही. शिवाय २०१९ पर्यंत कर्नाटकात कारखाना कायदाच बायकांना रात्री काम करू देत नव्हता. त्या वर्षीच्या अधिसूचनेनं आणि मग २०२३ च्या कायदादुरुस्तीनं, त्यांची संमती आणि वाहन-सुरक्षेच्या अटी घालून, ती मुभा आली. म्हणजे आधी दार लावायचं आणि मग आत येत नाही म्हणून पैसे कापायचे, असा तो प्रकार होता.

दुसरं म्हणणं, ती जड उचलत नाही. तपासणीच्या टेबलावर जड उचलण्याचं काम किती वेळा येतं ते मोजा. बहुतेक शेडमध्ये ट्रॉली असते.

तिसरं म्हणणं जास्त खोलवरचं आहे: लग्न झालं, बाळंतपण आलं की सोडून जातात, मग शिकवून काय उपयोग? अर्थशास्त्रात एडमंड फेल्प्स यांनी १९७२ साली आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९७३ साली या वागण्याचा माग काढला. त्याला सांख्यिकी भेदभाव म्हणतात. मालकाच्या मनात बाईबद्दल आकस असायची गरज नाही. समोरची बाई टिकेल की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो सगळ्या बायकांची सरासरी तिच्या माथी मारतो. जी वीस वर्षं टिकणार असते तीही त्यात भरडली जाते. आणि हा अंदाज स्वतःलाच खरं करतो: शिकवलं नाही म्हणून पगार वाढत नाही, पगार वाढत नाही म्हणून ती सोडून जाते, मग मालक म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं? बाळंतपणाचा खर्च अंगावर पडतो ही भीतीही आपल्याकडच्या शेडमध्ये बहुतेक पोकळ आहे. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेली बाई ईएसआयमध्ये येते आणि तिच्या २६ आठवड्यांच्या रजेचे पैसे ईएसआय देतं, मालकाच्या खिशातून जात नाहीत. मी हे समोर बसून सांगितलं की कितीतरी मालकांना ते नव्यानं कळतं, दर महिन्याला हप्ता भरत असूनही.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. पहिलं मूल होईपर्यंत स्त्री-पुरुषांचे पगार बरेच जवळ असतात, फाटा फुटतो तो त्यानंतर, आणि जे काम कधीही बोलावलं तरी येणाऱ्याला जास्त पैसे देतं तिथं हा फाटा सगळ्यांत रुंद होतो, असं त्यांच्या अभ्यासातून दिसतं. त्यांचे दाखले अमेरिकेचे. पण संध्याकाळी सहानंतर उद्यमबागेत ओव्हरटाईमला कोण थांबलंय आणि घरी भाकऱ्या कुणाला थापायच्या आहेत हे बघितलं तर दाखला शोधायला तिकडं जायला नको.

बाईचा पगार कमी राहण्याचं आणखी एक कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही बोललं जात नाही: तिला किती लांब जाता येतं. वडगाव-खासबागेतल्या पॉवरलूमच्या गल्लीत घर असलेली बाई चालत जाता येईल तिथंच काम बघते. तिथं काम देणारे दोन-चारच. त्यांनाही माहीत असतं की ही पुढं कुठं जाणार नाही. अडला हरी, दुसरं काय. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली याचा सिद्धांत मांडला: मजूर विकत घेणारे थोडे असले की मजुरी खऱ्या किमतीच्या खाली राहते, आणि ज्याला हलता येत नाही त्याला सगळ्यांत कमी मिळतं. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. त्यावर राजकारण झालं, गर्दीवरून भांडणं झाली. पण पगाराच्या नजरेनं बघितलं तर आधी घरापासून तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या बाईला होनग्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाऊन काम विचारता येऊ लागलं, आणि ‘तिकडं जास्त देतात’ एवढं वाक्य मालकापुढं म्हणता येऊ लागलं. सवलत कर्नाटकचा रहिवासी पुरावा असलेल्यांनाच आहे. चंदगडकडून बेळगावला कामाला येणाऱ्या बाईच्या ओळखपत्रावर महाराष्ट्राचा पत्ता, तेव्हा तिच्या रोजातून भाडं जातंच.

शेतात हाच प्रकार अजून उघडा आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुठंही विचारा, गड्याचा रोज आणि बाईचा रोज हे दोन वेगळे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. कारण विचारलं तर ‘गड्याचं काम जड’. चिखलात दिवसभर कंबर मोडून रोप लावणं हलकं आणि बांधावर उभं राहून पंप चालू करणं जड, हे कुणी ठरवलं? जी कामं बायका करतात ती हलकी ठरली, एवढाच त्याचा अर्थ. पडताळा सोपा आहे. रोपलावणीच्या घाईत जेव्हा बायकांची टोळी रोजानं न येता गुत्त्यानं येते, एकराचा भाव करून, तेव्हा त्यांची दिवसाची कमाई गड्याच्या रोजाला गाठते, कधी ओलांडतेही. हात तेच, चिखल तोच. मोजमाप माणसाऐवजी कामाचं झालं की दर सरळ होतो. पुढं यंत्र आलं की मात्र ते काम गड्याकडं जातं आणि त्याचा भाव लगेच वाढतो. भात कापणी विळ्यानं होती तोवर बाईचं काम, हार्व्हेस्टर आला तेव्हापासून ‘ऑपरेटर’चं.

कामावर मोजलं की सगळं सुटतं असंही समजू नका. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांवर मजुरी मिळते. तिथं स्त्री-पुरुष फरक दाखवताच येत नाही, कारण तुलनेला पुरुषच नाही. सबंध धंदाच बायकांचा, म्हणून सबंध धंद्याचा दर खाली. वर पानं कमी देणं, ओलसर तंबाखू देणं, तयार विड्या छाटीत (नापास म्हणून) काढणं, हे सगळं हजाराच्या दराला न शिवता मजुरी कमी करतं. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात तर तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टनाचा भाव कोयत्याला, उचल नवऱ्याच्या नावावर, बाईचा पगार किती हा प्रश्न विचारायलाच जागा नाही.

आता फेटलिंग. अ‍ॅडम स्मिथनं १७७६ सालीच लिहून ठेवलंय की कामाकामांत मजुरी वेगळी असण्याची कारणं कामातच असतात: काम किती नकोसं आहे, शिकायला किती वेळ-पैसा लागतो, बारमाही आहे की नाही, किती विश्वासाचं आहे, त्यात यश मिळण्याची शक्यता किती. नकोशा कामाला जास्त पैसे मिळायला हवेत, नाहीतर ते करेल कोण? तर्क बिनतोड आहे. मग फेटलिंगला जास्त का मिळत नाही? हँड ग्राइंडर दिवसभर हातात, कानठळ्या, कास्टिंगवर चिकटलेल्या वाळूची धूळ नाकातोंडात. त्या वाळूत सिलिका असते आणि तिनं फुफ्फुसं कायमची जातात. तरी दर सगळ्यांत खाली, आणि तोही कंत्राटदाराकडून टनावर.

स्मिथचा तर्क एका अटीवर उभा आहे: माणसाला दुसरं काम निवडता आलं पाहिजे. फेटलिंगचा पोरगा मोल्डिंगला जाऊ शकला असता तर फेटलिंगचा भाव वाढला असता. तो जाऊ शकत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली म्हटलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि माझ्या मते मजुरीच्या अर्थशास्त्रावर आपल्या देशात याहून नेमकं काही बोललं गेलेलं नाही. गटार आणि कचऱ्याच्या कामाकडं बघा. स्मिथच्या हिशेबानं पौरकार्मिकाचा, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगाराचा, पगार शहरात सगळ्यांत वर असायला हवा. ते काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला ठेवलं आणि त्यांना बाकीची दारं बंद केली, म्हणून नकोसेपणाची किंमत त्यांना मागताच आली नाही.

कारखान्यात दारं कशी बंद होतात? कुणी दार आपटत नाही. मोल्डिंगवर किंवा मशीनवर घ्यायचं पोरगं मुकादम आणतो, नाहीतर जुना कामगार आणतो. ‘आपल्यातलंच हाय, शिकंल.’ एवढ्यावर काम होतं. नवा कुणी आला तर आधी गाव कुठलं, मग आडनाव, मग पाव्हणं कुठले. तीन प्रश्नांत जात कळते, मशीनवर हात चालतो का हे शेवटी विचारलं जातं. मोठ्या कंपन्यांत हेच सभ्यपणे होतं: सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली छापलेल्या अभ्यासात भरती करणारे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात असं आढळलं. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा प्रयोग आला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. मुलाखत नाही, काम बघितलेलं नाही. नुसतं पाकिटावरचं नाव.

बेकर यांनीच १९५७ साली भेदभावावर लिहिताना एक आशा दाखवली होती. जो मालक आकसापोटी चांगला हात नाकारतो त्याला खर्च जास्त येतो, आकस नसलेला मालक तोच हात कमी पैशात घेतो आणि बाजारात पुढं जातो, तेव्हा स्पर्धा भेदभावाला संपवते. मग आपल्याकडं स्पर्धा असून तो का संपला नाही? माझं उत्तर असं की इथं आकस मालकाचा एकट्याचा नसतो. डब्याच्या वेळी कोण कुणाच्या शेजारी बसतो, कुणाच्या हाताखाली शिकायला कोण तयार होतो, हे शेडमधले कामगारच ठरवतात. मालकाला उत्पादन थांबायला नको असतं, म्हणून तो ‘वाद नको’ म्हणतो. हा खर्च सगळ्याच शेडना सारखा असला की कुणीच बाजारातून बाहेर पडत नाही.

यातूनच मराठी असण्याच्या प्रश्नाकडं येतो. भाषेमुळं पगार आणि संधी बदलतात, यात वाद नाही. पण कुठं रास्त आणि कुठं नाही हे कामावर ठरतं. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, गोकाक-बैलहोंगलकडून आलेल्या कन्नड माणसाशी बोलावं लागतं. तिथं कन्नड हे हत्यार आहे, आणि ते येणाऱ्याला जास्त मिळालं तर तक्रार करू नये. मराठी शाळेतून आलेल्या आमच्या पोरांनी कन्नड लिहा-वाचायला शिकण्याचा जो कंटाळा वर्षानुवर्षं केला त्याची किंमत त्यांनीच मोजली आहे, हे माझं मत काहींना रुचणार नाही. पण सीएनसीच्या मशीनला कन्नड कळत नाही आणि मराठीही कळत नाही. तिथं भाषेची अट आली तर ती नुसती चाळणी. जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांत व्यवस्थापनात ५० टक्के आणि बाकी पदांवर ७० टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारं विधेयक मंजूर केलं आणि गलका झाल्यावर लगेच थांबवलं. त्यात ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात जन्मलेला, १५ वर्षं राहिलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. खानापूरच्या रानातल्या मराठी शाळेत शिकलेला पोरगा पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, तरी तिसऱ्या अटीवर तो अडला असता.

आणि तरीही, तुमच्या चार हजारांत मराठीपणाचा हात असेल असं मला वाटत नाही. उद्यमबागेत मराठी मालक भरपूर आहेत आणि भरतीत ‘आपला माणूस’ बघण्याचा फायदा आपल्या पोरांनी मनसोक्त घेतलाय. ज्या चाळणीतून तुम्ही मशीनवर पोचलात तीच चाळणी ओडिशाच्या पोराला फेटलिंगवर ठेवते. आपल्यावर झाला तर अन्याय आणि आपल्याला लाभला तर ओळख, असं धरून या प्रश्नाचा हिशेब लागणार नाही.

एक सावधगिरी मोजमापाची. रोनाल्ड ओहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी १९७३ साली स्वतंत्रपणे एक रीत काढली, ती आजही वापरतात. दोन गटांच्या सरासरी पगारातला फरक घ्यायचा, शिक्षण, अनुभव, कामाचा प्रकार यांनी जेवढा समजतो तेवढा बाजूला काढायचा, उरलेला बहुधा भेदभाव. मालकांच्या संघटना हा आकडा पुढं करतात: बघा, उरतं किती थोडं. पण बाईला ‘हेल्पर’ लिहिलं आणि मग हिशेबात ‘कामाचा प्रकार: हेल्पर’ असं घातलं, तर फरक समजला असं निघतं. जो भेदभाव शोधायचा तोच कारण म्हणून वजा झाला. कुणी असा आकडा सांगितला की आधी विचारा, कशाकशाचा हिशेब लावून उरलाय?

आता तुमच्या हातात काय आहे. वहिनींची पगार पावती बघा. वेतन संहितेनुसार ती देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यावर पद आणि वर्ग काय लिहिलाय ते वाचा. मग त्या रोज जे करतात ते एका वहीत तारखेवार लिहायला सांगा: कुठलं गेज वापरलं, किती जॉब नाकारले, रजिस्टरवर सही कुणाची. रजिस्टरवरची सही फार कामाची असते, कारण पास-नापास ठरवणारी सही करणारी बाई अकुशल कशी, या प्रश्नाला मालकाकडं उत्तर नसतं. ईएसआय आणि पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची तारीख असते, अनुभव त्यातून सिद्ध होतो. आधी मालकाकडं वर्ग बदलण्याचा अर्ज द्या, लेखी, पोच घेऊन. बरेचदा तिथंच मिटतं. मालकालाही कामगार अधिकाऱ्यापुढं फाईल उघडायची हौस नसते. नाही मिटलं तर दावा करता येतो. जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती, संहितेत ती तीन वर्षांची आहे, आणि पूर्ण वेतन दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. एकटीनं न जाता तपासणीच्या टेबलावरच्या तिघी-चौघींनी मिळून गेलेलं बरं.

फेटलिंगच्या पोरांसाठी हा रस्ता तोकडा पडतो. संहितेतलं भेदभावाचं कलम लिंगापुरतं आहे, जातीचं किंवा प्रांताचं नाव त्यात नाही. त्यांच्याबाबतीत निदान एवढं बघता येतं की टनावर जे मिळतं ते दिवसाच्या किमान वेतनाला गाठतं का, हजेरी मूळ कारखान्याच्या गेटवर नोंदली जाते का, आणि कंत्राटदार ईएसआय भरतो का, कारण फुफ्फुसाचं दुखणं निघालं तर दवाखान्याचा आधार तेवढाच. त्यांच्यातल्या एखाद्याला जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंग किंवा मशीनवर हात बसवू देणं हे मात्र कुठल्याच कायद्याच्या हातात नाही. ते तुमच्या शेडमधल्या सेटरच्या हातात आहे, आणि सेटिंग शिकलात तर तुमच्याही.